म्हैस बसेल ते पाणी

माझ्या साडूनं मला तळ्याच्या व्यवहारात फसवलं. तो गावभर सांगत फिरतो की मीच त्याला फसवलं. त्याचं ऐकायला माणसं मिळतात, कारण तो चहा पाजतो. मी पाजत नाही. म्हणून मला लिहावं लागतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. गाव उदगीरच्या पुढं, अगदी कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून. आमच्या शिवारात म्हशीनं मान वळवली तर शिंग कर्नाटकात जातं. गावाच्या खालच्या अंगाला निजामाच्या काळातलं तळं आहे, मातीच्या बांधाचं. या तळ्याचं पाणी माझं आणि जमीन साडूची.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, म्हणून नीट सांगतो. तळ्यातले मासे धरायचा ठेका दरसाल मी घेतो. उन्हाळ्याकडं पाणी जसं मागं सरकतं तशी काठाची गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ती कसायचा ठेका साडू घेतो. गाळात ओल मुरलेली असते. खत नको, पाणी द्यायला नको, हरभरा नुसता टाकला तरी हसत वर येतो. म्हणजे तळं एक, धनी दोन, आणि मधला बांध म्हणजे पाण्याची कड. ती रोज थोडी सरकते. जिथं काल माझी मासोळी पोहत होती तिथं उद्या त्याचा बैल उभा.

मी सायकलला डबा बांधून मासे विकत मोठा झालो. उदगीरच्या बाजारात पहिल्यांदा बसलो तेव्हा माझ्याकडं ना तराजू होता ना बुडाखाली पोतं. नांदेडला जाऊन विष्णुपुरी धरणाच्या बाजूनं बोटुकली आणायचो. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिलं, हवा भरलेल्या पिशवीतली. एसटीत ती पिशवी लेकरासारखी मांडीवर घेऊन बसायचो आणि कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं की सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं भांडायचो. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला भाव सोडला नाही. साडूला तर नाहीच.

तरी पूर्वी आमचं जमत होतं, कारण पाणी शहाण्यासारखं वागत होतं. दिवाळीपर्यंत तळं तुडुंब. मग ते सावकाश मागं सरायचं आणि साडू त्याच्या मागं मागं हरभरा पेरत यायचा, वरातीत नवरदेवामागं चालावं तसा. थंडीत त्याच्या हरभऱ्याचा हुळा आणि माझ्या मरळीचं कालवण, दोन्ही घरं मिळून बांधावर जेवायची. उन्हाळ्यात पाणी शेवटी बांधाच्या पोटाशी एका डोहात येऊन थांबायचं. तो डोह कुणी आटलेला पाहिला नव्हता. तळ्याची मरळ त्यात उन्हाळा काढायची आणि पाऊस आला की तिथूनच पुन्हा सगळं तळं भरायची. बाकीचे मासे मी विकत आणून सोडतो. मरळ मात्र तळ्याची स्वतःची. डोह राहिला तर मरळ राहते, आणि मरळ राहिली तर मी राहतो. माझं सगळं घोडं त्या डोहापाशी बांधलेलं होतं.

आमचं पहिलं भांडण पाखरांवरून झालं. हिवाळ्यात उत्तरेकडून मोठे हंस यायचे, डोक्यावर काळ्या पट्ट्या असलेले. दुपारी ते माझ्या पाण्यावर झोपायचे आणि सकाळ-संध्याकाळ साडूचा हरभरा चरायचे.

"पाव्हणं, तुमची पाखरं माझा हरभरा खाऊन राहिली," साडू म्हणाला.

"माझी कशी? खातात तर तुझ्या रानात."

"झोपतेत कुठं? तुमच्या पाण्यावर. ज्याच्या घरी झोपतेत त्याचे पाव्हणे."

"मग त्यांच्या माहेरी जाऊन भरपाई माग. हिमालयाच्या पलीकडं राहतात म्हणे."

तो खरंच विचारात पडला. उदगीरच्या स्टेशनात जाऊन त्यानं गाडीची चौकशी केली असती तरी मला नवल वाटलं नसतं. त्यानं मग हरभऱ्यात एक बुजगावणं उभं केलं आणि त्याला माझा जुना सदरा घातला. माझी बायको त्याच्या बायकोला तो सदरा फरशी पुसायला देऊन आली होती. सगळ्या गावानं हंसांना हाकलताना मला पाहिलं. हंस मात्र बुजगावण्याच्या खांद्यावर बसायचे तेवढे राहिले.

पुढं पावसाचं डोकं फिरलं. श्रावण कोरडा जायला लागला. ऊन असं की नांदेडहून आणलेली बोटुकली गाडीतच पिशवीत उकडून वर तरंगायची. लोक टँकरच्या रांगेत उभे, तळ्यात तळपायाएवढं पाणी, आणि साडूनं आनंदानं अख्ख्या तळ्यात हरभरा पेरलेला. मग हरभरा घाट्यावर आला, आणि ज्या दिवसांत ढग कुणी पाहिला नव्हता त्या दिवसांत एका दुपारी आभाळ फाटलं. चार महिन्यांचं पाणी चहाची किटली उपडी व्हावी तसं आलं. साडूचा हरभरा उभा पाण्यात गेला आणि डोहात तगलेले माझे कटला मासे त्यात हिंडून चरायला लागले.

आठवड्यानं साडू एक कटला घेऊन चहाच्या हॉटेलात आला. कुणाला विचारून धरला हे मी विचारणारच होतो, तेवढ्यात त्यानं तो बाकावर ठेवून सर्वांसमोर चिरला. पोटातून फुगलेला हरभरा निघाला.

"बघा," साडू म्हणाला, "ह्यांच्या माशाच्या पोटात माझं पीक हाय. माशात माझा अर्धा वाटा."

"पीक तुझं ना?" मी म्हणालो. "मग हरभरा काढून घे आणि मासा ठेव. मी चोर नाही."

हॉटेलवाला म्हणाला, "तुम्ही दोघं भांडा, पण बाक पुसून द्या."

त्या वर्षापासून पाण्याची कड कुठं आहे हे कळेनासं झालं. सकाळी चिखल, दुपारी भेगा, मधेच अवेळी सर, परत चिखल. चिखल कुणाचा? मी म्हणायचो, दाट पाणी आहे. तो म्हणायचा, पातळ जमीन हाय. एकदा आम्ही दोघं गुडघाभर रुतून उभे राहून हाच वाद घातला आणि दोघांच्याही वहाणा तिथंच राहिल्या. त्या कुणाच्या हद्दीत राहिल्या यावरून पुन्हा वाद.

तोडगा हॉटेलात निघाला. कुणीतरी म्हणालं, माणूस खोटं बोलतो, म्हैस बोलत नाही. म्हैस कोरड्यात बसत नाही आणि ओल सोडत नाही. मग म्हैस जिथं बसेल ते पाणी, जिथं बसणार नाही ती जमीन. आम्हाला दोघांनाही ते एकदम पटलं, कारण दोघांनाही वाटलं की म्हैस आपल्या बाजूची आहे.

म्हैस निवडली गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशीची. मावशीला आम्ही दोघंही सारखेच आवडत नव्हतो, म्हणून ती निःपक्ष. पण म्हैस भालकीच्या बाजारातली. तिला कानडीच कळायचं. माझं मासळीच्या धंद्यामुळं थोडं कानडी झालेलं. साडूनं लगेच अट घातली, "निवाडा होईपर्यंत पाव्हण्यानं कानडीत तोंड उघडायचं न्हाई." मी नुसतं खोकलो तरी तो ओरडायचा, "कुंद्रु म्हणाले! बस म्हणाले तिला!"

किती वेळ बसली म्हणजे बसली, हे ठरायचं राहिलं होतं. ते आम्ही जनावरांच्या बाजारात ठरवतात तसं ठरवलं. हातावर रुमाल टाकला आणि खाली बोटांनी सौदा केला, म्हणजे बघ्यांना कळू नये. तो बोट दाबायचा, मी झटकायचो, मी दाबायचो, तो शिवी द्यायचा. घामानं रुमाल भिजला. शेवटी मावशी वैतागली. "माझं एक पान खाऊन होईस्तोवर म्हैस बसली तर बसली. उठा आता." दोघांनी हात दाबला. सौदा पक्का.

दोन हंगाम हे नीट चाललं. पुढं तळ्यावर जलपर्णी आली. गावाची गटारं तळ्यात सोडल्यापासून तिला खुराक मिळाला होता. बघता बघता पाणी दिसेना, नुसता हिरवा गालिचा, वर जांभळी फुलं. निवाड्याला म्हैस कडेला उभी राहिली, वास घेतला आणि मागं फिरली.

साडूनं हात वर केले. "हिरवं हाय. मुळं हायेत. फुलं आली. हे पीक हाय, आन पिकाखालचं रान माझं."

"पीक आहे तर कापून बाजारात ने."

त्यानं खरंच भारा कापून बैलांपुढं टाकला. बैलांनी एकदा भाऱ्याकडं पाहिलं, एकदा साडूकडं, आणि रिकाम्या गव्हाणीला तोंड लावलं. त्या हिवाळ्यात हंस वरून दोनदा घिरट्या घालून निघून गेले. त्यांना खाली उतरायला पाणी दिसलं नसावं. पुढच्या वर्षी आलेच नाहीत. साडूनं बुजगावणं उभं केलं होतं, माझा सदरा घालून. तो एका संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाला, "तुमचे पाव्हणे आले न्हाईत औंदा." मी म्हणालो, "तुझा हरभरा वाचला की." तो तसाच माघारी गेला. वादाला तोंड फोडून माघारी फिरायची त्याची सवय नाही, म्हणून लक्षात राहिलं.

मग यंत्रं आली. तळ्यातला गाळ काढून शेतात टाकायचा, तळं खोल होईल, रानं सुधारतील. यात वाईट काहीच नव्हतं. काळा गाळ ट्रॅक्टरनी वाहून नेला, मलाही बरं वाटलं. पण काळी माती संपली तरी यंत्र थांबेना. तळ्याच्या बुडाला जुन्या लोकांनी चिकण माती चोपून बसवलेली होती; ती फोडली. त्याखाली पिवळा मुरूम निघाला. रस्त्याच्या कामाला मुरूम पाहिजेच होता. मी यंत्रापुढं जाऊन उभा राहिलो, हातात चप्पल.

ड्रायव्हर वरून म्हणाला, "काका, खोल होऊन राहिलं तळं. तुमचंच भलं हाय. बाजूला व्हा."

"अरे, घागर खोल करायला कुणी बुडाला भोक पाडतं का?"

"मला खोल म्हणून सांगितलंय," तो म्हणाला आणि आणखी एक बकेट काढली.

वरच्या अंगाला याच काळात लातूरचे एक सर आले. लातुरात क्लास चालवतात, पोरांना डॉक्टर करतात. त्यांनी टेकाडावर जमीन घेतली, बंगला बांधला आणि एक भलंथोरलं शेततळं केलं, काळ्या प्लास्टिकचं अस्तर घातलेलं, तारेच्या कुंपणात. आमच्या तळ्याला येणाऱ्या ओढ्यावर त्यांनी माती टाकून गाडीरस्ता केला. शेततळ्याच्या कडेला सिमेंटचे दोन गुलाबी रोहित पक्षी उभे केले आणि पाटी लावली, "पाणथळ जपा. शांतता राखा." शनिवार-रविवारी लातूरच्या गाड्या यायच्या आणि लोक तिकीट काढून त्या सिमेंटच्या पक्ष्यांसोबत हळू आवाजात फोटो काढायचे.

आणि आता फसवणुकीची गोष्ट.

त्या हिवाळ्यात पाणी सरकता सरकता डोहाच्या तोंडाशी एक काळा पाइप उघडा पडला. एक टोक डोहात, बाकीचा मातीखाली. मला पाहताक्षणी कळलं, हे काम साडूचं. डोह आटला की तेवढी जमीन गाळपेरीत जाते. फायदा कुणाचा? त्याचा. पण मी ओरडलो नाही. पुरावा हातात आला की कच्चा माणूस ओरडतो. पक्का माणूस तो ठेक्याच्या बोलीपर्यंत जपून ठेवतो. ऐनवेळी चारचौघांत बाहेर काढायचा आणि एका फटक्यात पुढची दहा वर्षं गप्प करायचं. म्हणून मी थोडी जलपर्णी ओढून पाइपावर टाकली, पुरावा कुणी हलवू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जलपर्णी मी टाकली होती त्यापेक्षा जास्त होती. म्हटलं, बघा, चोर झाकून ठेवतोय. मी आणखी टाकली. तिसऱ्या दिवशी वर दगडसुद्धा ठेवलेले.

बायको म्हणाली, "आवं, सरळ जाऊन विचारा की त्यांना. समोर तर दार हाय."

"विचारलं की तो सावध होईल."

"सावध होऊन काय करील? पाइप उचलून पळंल? तेवढं तर पाहिजे ना तुमाला?"

बायकांना व्यवहार कळत नाही, असं मी म्हणालो आणि तिनं माझ्यापुढं ताट आपटलं.

चैत्र उलटेपर्यंत डोह अंगणाएवढा झाला. मरळी चिखलातून तोंड वर काढून हवा घ्यायला लागल्या. त्यांची पाठ दिसायची, कुणी पांघरुणाखाली कूस बदलावी तशी. मी रोज सकाळी जाऊन बघायचो आणि रोज कड आणखी आत आलेली असायची. इतक्या वेगानं पाणी नुसत्या उन्हानं जात नाही हे मला कळत होतं, पण ठेक्याची बोली अजून लांब होती. मग एक दिवस साडूनं अगदी कडेला टरबुजाचे वेल लावले, डोहाच्या उंबऱ्यावर. माझं डोकं फिरलं. मी निवाडा मागितला.

सगळं गाव जमलं. मावशीनं पान लावलं, तोंडात घातलं आणि म्हैस सोडली. म्हैस डोहापाशी गेली. वाकली, हुंगली. मी श्वास धरून उभा. ती बसली असती तर तेवढा डोह माझा राहिला असता आणि मरळी वाचवायला मला बोलता आलं असतं. ती बसली नाही. चिखलाला तिनं नाक लावलं आणि मान फिरवली.

"रान!" साडू ओरडला.

पण म्हैस थांबलीच नाही. डोहापासून टेकाडाकडं हिरव्या गवताची एक बारीक पट्टी गेली होती, त्या रखरखाटात पाटीवर खडूनं रेघ ओढावी तशी. म्हैस ते गवत खात खात निघाली. तिच्या मागं मावशी, मावशीच्या मागं आम्ही, आमच्या मागं गाव. पट्टी ओढ्यातून वर, गाडीरस्त्याखालून, सरांच्या कुंपणापर्यंत. रविवार होता, गाड्या येत होत्या म्हणून फाटक उघडं. म्हैस आत गेली, पाटीवरून गेली, सिमेंटच्या पक्ष्यांकडं ढुंकूनही न बघता शेततळ्यात उतरली आणि गळ्यापर्यंत बसली. डोळे मिटले.

कुणीच बोललं नाही. पाटीवर शांतता राखा लिहिलेलंच होतं. लातूरची एक बाई फोटो काढत म्हणाली, "सर, ही पण इथलीच का?"

मावशी कडेला उभी राहून पान चघळत होती. चघळून झालं, तिनं पिंक टाकली. "झालं माझं पान," ती म्हणाली.

"पाव्हणं," साडू हळूच म्हणाला, "बसली."

सर धावत आले. अंगात पांढरा पायजमा, आवाज एकदम शिकवणीचा. "हे काय चाललंय? ही खाजगी जागा आहे. ते जनावर आधी बाहेर काढा."

"निघेल ती," मी म्हणालो. "पण हे पाणी माझं आहे."

"तुमचं? ते कसं काय?"

"म्हैस बसली."

सरांनी गावाकडं पाहिलं. गावानं मान डोलावली. सरांनी मग त्यांच्या पाहुण्यांकडं पाहिलं. त्यांना हे सगळं तिकिटातच आहे असं वाटत होतं.

"हे बघा," सर म्हणाले, "मी पाण्याचं संवर्धन करतोय. इथं मासेसुद्धा नैसर्गिकरीत्या निर्माण झालेत."

मी वाकून पाहिलं. प्लास्टिकच्या काळ्या पाण्यात, म्हशीच्या पोटाशी, मरळीची पिलं होती. तांबूस, झुंडीनं फिरणारी. मरळीची पिलं मी झोपेतही ओळखीन. आणि समोर काठातून एक काळा पाइप बाहेर आलेला, त्यातून पाणी पडत होतं. त्याचे सांधे वाटभर गळत होते. त्या गळतीनं ते गवत उगवलं होतं.

"हा पाइप तुमचा?" मी विचारलं.

"अर्थात. वर मोटार बसवली आहे. तुमचं पाणी तिथं वायाच जात होतं. उन्हानं उडून जायचं. मी ते सुरक्षित ठेवलंय."

मी साडूकडं पाहिलं. साडूनं माझ्याकडं पाहिलं.

"तुझा नाही?" मी म्हणालो.

"माझा? मला वाटलं तुमचा! म्हणलं मासे पळवून दुसरीकडं ठेवून राहिले. मी तर झाकून ठेवला, बोलीच्या वेळंला काढावा म्हणून."

"दगड तू ठेवलेस?"

"हाव. जलपर्णी तुम्ही?"

"मग दिसला तेव्हा बोलला का नाहीस, हरामखोरा!"

"तुम्ही का न्हाई बोलला! थोरले तुम्ही!"

आम्ही तिथंच एकमेकांच्या गळपट्टीला धरलं. सर आमच्या मधे येऊन सोडवायला लागले आणि त्यांच्याच पाण्यावरून चाललेल्या भांडणात त्यांना कुणी विचारेना, याचाच त्यांना जास्त राग आला. "अहो, भांडायचं तर माझ्याशी भांडा!" असं ते दोनदा म्हणाले.

तेवढ्यात मावशी किंचाळली. म्हैस उठली होती, पण तिला वर येता येईना. प्लास्टिक शेवाळानं गुळगुळीत. खूर टेकवला की घसरायची. दोर लावले, वीस माणसं लावली, मी कानडीत हाका मारल्या. साडूनं या वेळी हरकत घेतली नाही. उलट तोही "बा, बा" म्हणून तिला वर बोलवायला लागला. त्याला कानडी येतं हे मला तेव्हा कळलं. म्हैस दमून आडवी होऊ लागली. शेवटी यंत्र बोलावलं. यंत्र तेच, ड्रायव्हर तोच. सर नको नको म्हणत असताना त्यानं काठाला दात लावले आणि उतार करून दिला. प्लास्टिक फाडत म्हैस वर आली, अंग झाडलं आणि सरांच्या पांढऱ्या पायजम्याचं व्हायचं ते झालं.

आणि तिच्या मागून पाणी निघालं.

ते काठ फोडून बाहेर आलं, गाडीरस्त्याची माती घेऊन ओढ्यात पडलं आणि तळ्याकडं धावलं. त्याला वाट ठाऊक होती. साडू आणि मी त्याच्याबरोबर पळत सुटलो. साडू ओरडत होता, "माझी टरबुजं!" मी ओरडत होतो, "माझं पाणी!" पाणी आमच्या आधी पोहोचलं. त्यानं त्याचे वेल लोळवले, भेगा भरल्या आणि डोहात शिरलं. मरळीची पिलं त्या गढूळ लोंढ्याबरोबर खाली आली. डोहातली एक मोठी मरळ चिखलातून सुटली आणि तिनं शेपटी मारली, ते पाणी आमच्या दोघांच्या तोंडावर उडालं.

"आलं बघा," साडू म्हणाला. त्याची टरबुजं गेली होती आणि तो हसत होता. आम्ही दोघं तिथं ओलेचिंब बसून राहिलो. बायकांनी बांधावर भाकरी आणली. दोन्ही घरं तिथंच जेवली, किती तरी वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर डोहात पाणी नव्हतं. वर उडून गेलं नव्हतं, कुणी ओढून नेलं नव्हतं. बुडाची चिकण माती यंत्रानं आधीच फोडली होती; तिच्यावर बसलेला चिखल लोंढ्यानं खरवडला आणि पाणी तिथून खाली मुरुमात उतरून गेलं. सरांच्या प्लास्टिकमध्ये वर्षभर राहिलेलं पाणी आमच्या तळ्याला एक रात्र धरता आलं नाही. मरळी होत्या तिथं नुसते काटे उरले होते; बगळेही आले नव्हते. कुत्री येऊन गेली होती. साडू तळ्याच्या मधोमध उभा होता. आता सगळीच जमीन त्याची होती. त्यानं मूठभर माती उचलली, दाबली, आणि ती कोरडी वाळू होऊन त्याच्या बोटांतून गळाली. ओल नसलेली गाळपेर कोण कसणार?

आता सरांचा निरोप आला आहे की फाटलेल्या प्लास्टिकचा जबाब मी, साडू आणि मावशी, तिघांनी द्यायचा. देतो. म्हैससुद्धा घेऊन येतो. पण आधी सरांनी तळ्यावर यावं, पायजमा घालून यावं, त्या डोहात उभं राहावं आणि सांगावं की माझ्या मरळी कुणाच्या परवानगीनं सुरक्षित ठेवल्या होत्या. मुरूम ज्यांनी नेला त्यांनी यावं; त्यांच्या रस्त्यावरूनच यावं, चांगला झाला आहे. ज्यांनी गटारं सोडली त्यांनी यावं, म्हणजे अर्धं गाव येईल. ओळीनं उभे राहा आणि बोला.

आणि साडू, तू पहिला. समोरच्या दारात बसून चहा पाजत काय राहतोस? पाइप तुला माझ्या आधी दिसला होता की नंतर, तेवढं सांग. आधी दिसला असेल, तर त्याच दिवशी गल्ली ओलांडून माझ्या दारात का आला नाहीस? उत्तर दे. मी दार उघडं ठेवून बसलो आहे.